तपासणाऱ्याची परीक्षा

६ एप्रिल २०२४ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात एक मोठं भगदाड होतं. तिथे घरात गॅसची शेगडी जोडून द्यायची तर जोडणाऱ्याचं नाव अधिकृत नोंदवहीत असावं लागतं. स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचं तरी नोंदणी लागते, नाहीतर तो गुन्हा ठरतो. पण वीस मजली इमारत नियमांप्रमाणे उभी राहिली आहे की नाही हे पाहून दाखला देणाऱ्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निरीक्षकाला कायद्याने एकही परीक्षा लावलेली नव्हती. कौन्सिलने नेमलं की तो निरीक्षक झाला. यातले बरेच जण चांगले शिकलेले होते, व्यावसायिक संस्थांचे सभासद होते, वर्षानुवर्षं साइटवर घासलेले होते. तरीही ‘तुम्हाला हे काम येतं का?’ हा प्रश्न कायदा त्यांना विचारत नव्हता. तो विचारायला लावण्यासाठी ७२ माणसांचा जीव जावा लागला.

ती हकीकत पुढे येईलच. आधी हे काम काय असतं ते पाहू. कारण ‘इन्स्पेक्टर येऊन पाहून गेला’ एवढ्या चार शब्दांत आपण ते संपवतो.

इमारतीचं बांधकाम ही एकावर एक गोष्टी झाकत जाण्याची क्रिया आहे. खोदलेल्या चरात काँक्रीट ओतलं की पाया किती खोल गेला ते दिसेनासं होतं. ड्रेनेजची लाइन मातीखाली जाते, स्टील काँक्रीटमध्ये, वायरी प्लॅस्टरमध्ये. म्हणून निरीक्षकाची भेट वेळेवर व्हावी लागते: खोदकाम झालं की, पाया भरण्याआधी, गटार बुजवण्याआधी, भिंतीला पॅनेल ठोकण्याआधी. एक दिवस उशीर झाला तर पाहायला काहीच उरत नाही; मग ठेकेदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, नाहीतर केलेलं काम फोडायला सांगायचं. फोडायला सांगायला धीर लागतो, आणि तो धीर ज्ञानातून येतो. बाहेरची भिंत आणि तिच्यावरचं आवरण यांच्यातल्या पोकळीत आग वर चढू नये म्हणून ठरावीक अंतरावर पट्ट्या बसवायच्या असतात. त्या उलट्या बसवल्या तरी लांबून तशाच दिसतात. त्या का बसवतात हे ज्याला नीट समजलेलं आहे, त्यालाच त्या उलट्या आहेत हे दिसेल. कागदांवरही तेच. पॅनेलच्या नावापुढे आतला थर कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल, तर ते विचारायला हवं हे सुचणं हीच या माणसाची कारागिरी.

लंडनला ही कारागिरी फार पूर्वी कळली होती. सप्टेंबर १६६६ मध्ये शहर पाच दिवस जळत राहिलं, १३ हजारांहून अधिक घरं खाक झाली. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा आला. घरं विटांची किंवा दगडाची बांधायची, रस्त्याच्या रुंदीनुसार मजले ठरवायचे, भिंतींची जाडी इतकी ठेवायची. आणि हे पाहण्यासाठी जाणकार सर्व्हेअर नेमायचे, त्यांना शपथ द्यायची. या पहिल्या सर्व्हेअरांत रॉबर्ट हूक होते. आपण शाळेत स्प्रिंगच्या ताणाचा नियम शिकतो तेच हूक. सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापातले कप्पे पाहून त्यांना ‘सेल’ हे नाव देणारा हा शास्त्रज्ञ जळालेल्या लंडनच्या राखेत दोऱ्या आणि खुंट्या घेऊन फिरत होता, शेजाऱ्यांच्या हद्दीचे वाद सोडवत होता, पायाची आखणी करून देत होता. एका आखणीचे ६ शिलिंग ८ पेन्स ठरलेले होते. त्या काळातल्या सर्वांत तल्लख माणसांपैकी एकाला या कामावर लावावं असं त्या शहराला वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१७७४ च्या कायद्याने लंडनचे भाग पाडून प्रत्येकाला डिस्ट्रिक्ट सर्व्हेअर दिला. १८५५ च्या कायद्याने या पदासाठी पात्रता परीक्षा आणली आणि ती घेण्याचं काम आर्किटेक्टांच्या संस्थेवर, आज जिला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स म्हणतात तिच्यावर, सोपवलं. पास झाल्याशिवाय पद नाही. या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट दडलेली होती, ती नंतर जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटली. सर्व्हेअरची फी बांधणाऱ्याच्याच खिशातून जायची, पण सर्व्हेअर कोण हे बांधणाऱ्याच्या हातात नव्हतं. ज्या भागात बांधकाम, त्या भागाचा सर्व्हेअर. कडक वाटला म्हणून शेजारच्या भागातला मऊ माणूस आणायची सोय नव्हती.

१९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाली आणि डिस्ट्रिक्ट सर्व्हेअरचं पदही गेलं. लंडनचे वेगळे बांधकाम कायदे मोडीत निघून देशभराचे नियम तिथे लागू झाले. त्याच्या आधीच, १९८४ च्या बिल्डिंग ॲक्टने खाजगी ‘मान्यताप्राप्त निरीक्षकां’ना दार उघडलं होतं. आता बिल्डरला पर्याय मिळाला. कौन्सिलकडून तपासणी करून घ्या, नाहीतर खाजगी कंपनीकडून. स्पर्धा आली की कामं लवकर होतील, फी उतरेल, असा हिशेब होता आणि तो काही अंशी खराही ठरला. पण स्पर्धा कशासाठी होती हे पाहायला हवं. ज्याचं काम तपासायचं त्यालाच गिऱ्हाईक म्हणून राखायचं होतं. कौन्सिलांनाही गिऱ्हाईक सुटू नये म्हणून सूर मवाळ करावा लागला. तपासनीस हळूहळू सल्लागार झाला. बिल्डरच्या बाजूने बसून ‘हे कसं मार्गी लावू या’ असं म्हणू लागला.

१४ जून २०१७ ची रात्र. पश्चिम लंडनमधल्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात फ्रिजला आग लागली. काँक्रीटच्या इमारतीत अशी आग त्या घरापुरती राहायला हवी; अशा इमारतींची सगळी रचना याच गृहीतकावर उभी असते, म्हणून इतर रहिवाशांना घरातच थांबायला सांगतात. पण टॉवरला नूतनीकरणात बाहेरून नवं आवरण चढवलं होतं. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा गाभा, म्हणजे जळणारं प्लॅस्टिक. आग खिडकीतून बाहेर आली, आवरणाला भिडली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यावर पोहोचली.

नियम होता. बाहेरच्या भिंतीने आग पसरायला पुरेसा विरोध केला पाहिजे, असं बांधकाम नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. कौन्सिलच्या निरीक्षण विभागाने नकाशे पाहिले होते, साइटला भेटी दिल्या होत्या आणि २०१६ च्या जुलैत पूर्णत्वाचा दाखलाही दिला होता. पुढे चौकशीत तज्ज्ञांना पोकळीतल्या आग अडवणाऱ्या पट्ट्या काही ठिकाणी उलट्या, काही ठिकाणी चुकीच्या कापलेल्या सापडल्या. आवरणाचा पूर्ण तपशील मागवलाच गेला नव्हता. संबंधित निरीक्षकाने साक्षीत सांगितलं, की त्या काळात त्याच्याकडे एकाच वेळी १३० च्या आसपास कामं होती; सहकारी सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. ४ सप्टेंबर २०२४ ला आलेल्या चौकशीच्या दुसऱ्या अहवालाने हा माणूस कामाखाली दबलेला होता आणि त्याला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं असं नोंदवलं, आणि दोष मुख्यतः त्या विभागावर आणि ज्या व्यवस्थेत तो विभाग चालत होता तिच्यावर ठेवला. उंच इमारतीला बाहेरून आवरण चढवणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि ते येणारा माणूसच या कामावर पाठवला पाहिजे असं कुठेच बंधन नव्हतं. आवरण आणि इन्सुलेशन विकणाऱ्या कंपन्यांवर, ठेकेदारांवर आणि सरकारवर त्या अहवालाने जे ताशेरे ओढले आहेत ते याहून कितीतरी कठोर आहेत. या प्रकरणात आपण फक्त तपासणीचा धागा धरला आहे.

आग विझल्यावर सरकारने डेम ज्युडिथ हॅकिट या इंजिनियर बाईंना नियमांचा आढावा घ्यायला सांगितलं. त्यांचा अहवाल मे २०१८ मध्ये आला. आपल्याला तपासणारा आपणच निवडायचा, ही पद्धत मोठ्या इमारतींसाठी बंद करा, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाची पात्रता सिद्ध करून घ्या, हे त्यातले दोन मुद्दे पुढे २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टमध्ये उतरले. बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटर ही नवी यंत्रणा उभी राहिली. आणि ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, माणूस कौन्सिलचा असो वा खाजगी कंपनीचा, नोंदणी नसताना इमारत निरीक्षक म्हणून काम करणं गुन्हा ठरलं.

नियमांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नोंदणीचे चार वर्ग आहेत. पहिला वर्ग शिकाऊंचा: परीक्षा न देता नाव नोंदवता येतं, पण वरच्या वर्गातल्या माणसाच्या देखरेखीखालीच काम करायचं. दुसरा वर्ग स्वतंत्र निरीक्षकांचा, तिसरा विशेष तज्ज्ञ निरीक्षकांचा, चौथा तांत्रिक व्यवस्थापकांचा. दुसऱ्या वर्गापासून पुढे मान्यताप्राप्त संस्थेकडून योग्यता तपासून घ्यावी लागते. त्यात लेखी परीक्षा असते, केलेल्या कामांचे पुरावे द्यावे लागतात, समोरासमोर मुलाखत होते. नोंदणी चार वर्षांची. नंतर पुन्हा सिद्ध करायचं. नाव जाहीर नोंदवहीत असतं. कोणताही नागरिक ते उघडून पाहू शकतो. आचारसंहिता मोडली तर नोंदणी थांबवता येते, काढूनही घेता येते.

यातला खरा विचार दुसऱ्या वर्गाच्या पोटात आहे. ‘निरीक्षक’ असा सरसकट शिक्का मिळत नाही. कोणत्या प्रकारच्या आणि किती उंच इमारतींसाठी, ते नोंदणीत लिहिलेलं असतं. नकाशे तपासण्याची योग्यता वेगळी, साइटवर तपासणी करण्याची वेगळी. उंचीच्या पायऱ्या साडेसात मीटर, ११ मीटर, १८ मीटर अशा आहेत, आणि त्या मनाने काढलेल्या नाहीत. साडेसात मीटरच्या वर मजला गेला की सुटकेच्या वाटा वेगळ्या आखाव्या लागतात. ११ मीटरच्या वरच्या नव्या निवासी इमारतींना इंग्लंडमध्ये २०२० पासून स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. १८ मीटरच्या वर अग्निशमन दलासाठी खास लिफ्ट आणि जिने लागतात, आणि डिसेंबर २०१८ पासून निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारं साहित्य वापरायला बंदी आहे. म्हणजे प्रत्येक पायरीवर इमारतीचं शास्त्र बदलतं, आणि निरीक्षकाची परीक्षाही त्याच पायरीवर बदलते. दुमजली घरांवर वीस वर्षं उत्तम काम केलेला माणूस त्या अनुभवाच्या बळावर टॉवरवर सही करू शकत नाही. जो अनुभव ‘भरपूर’ म्हणून मिरवला जातो, तो कशाचा आहे हे विचारायला कायद्याने सुरुवात केली.

किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी तर निवडच संपली. तिथे तपासणी करणारा रेग्युलेटरच. बिल्डरला दुसरं कुणी आणता येत नाही. डिस्ट्रिक्ट सर्व्हेअरच्या व्यवस्थेतला विसरलेला मुद्दा असा परत आला.

कौन्सिलांवरही एक बंधन आहे. बांधकाम नियंत्रणाचे निर्णय घेण्याआधी त्या कामासाठी योग्य नोंदणी असलेल्या निरीक्षकाचा सल्ला घ्यायचा आणि तो विचारात घ्यायचा. वरवर ही कारकुनी तरतूद वाटेल. पण हिच्यामुळे सल्ला देणाऱ्या माणसाला नाव आणि चेहरा मिळतो. पूर्वी फाइलवर ‘विभागा’ची सही असायची आणि विभागाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही.

हे सगळं सहज झालं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कामाला आलेला अनुभव आता परीक्षेच्या टेबलावर मांडायचा, हे निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अनेकांना पटलं नाही. काहींनी त्यापेक्षा काम सोडलं. मुदत जवळ आली तसं कौन्सिलांना माणसं कमी पडण्याची भीती वाटू लागली. अखेर रेग्युलेटरने इंग्लंडमध्ये १३ आठवड्यांची सवलत दिली: ज्यांनी शिकाऊ वर्गात नाव नोंदवलं आहे आणि परीक्षेसाठी अर्ज केलेला आहे, त्यांना ६ जुलै २०२४ पर्यंत काम करता येईल. सवलत देऊ नये असं म्हणणारेही होते. मला ती योग्य वाटते. दार उघडं ठेवलं ते आत यायला निघालेल्यांसाठीच होतं, आणि ज्या गावात एकही निरीक्षक उरला नाही तिथे उद्याच्या पायाचं काँक्रीट कुणाची वाट पाहत थांबलं नसतं.

अमेरिकेत ही वाट लवकर सुरू झाली, तीही एका संकटातूनच. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. नुकसानीचा नकाशा मांडल्यावर ‘मायामी हेरल्ड’च्या पत्रकारांना दिसलं, की जुन्या घरांपेक्षा नवी घरं जास्त मोडली होती. छताच्या फळ्या खालच्या लाकडी चौकटीला ज्या स्टेपलांनी जोडायच्या, ते स्टेपल कित्येक ठिकाणी चौकटीला लागलेच नव्हते, हवेत ठोकलेले होते. छतावर चढून कुणी पाहिलं असतं तर ते कळलं असतं. त्या वार्तांकनाला १९९३ चं लोकसेवेचं पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी फ्लोरिडाने निरीक्षकांच्या प्रमाणपत्रासाठी राज्य मंडळ स्थापन केलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तपासनीस, नकाशे तपासणारे आणि बांधकाम अधिकारी यांना ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र मिळवावं लागतं आणि नंतर दर तीन वर्षांत किमान ४५ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. तिकडच्या विमा क्षेत्राने १९९५ पासून शहरांच्या बांधकाम विभागांना एक ते दहा अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली. किती निरीक्षक प्रमाणित आहेत आणि एकेकाला दिवसाला किती तपासण्या कराव्या लागतात, दोन्ही त्यात मोजतात; दिवसाला दहा हा त्यांचा मापदंड. ही दुसरी मोजणी मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. ग्रेनफेलच्या निरीक्षकाला या सगळ्या परीक्षा पास करायला लावल्या असत्या, आणि त्याच्या टेबलावर १३० फाइली तशाच ठेवल्या असत्या, तर त्या आवरणाचा तपशील मागवायला त्याला वेळ कुठून मिळाला असता?

मुंबईत प्रमाणपत्राचा हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवलेला दिसतो. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५५ खाली आयुक्त सर्व्हेअरांना आणि प्लंबरांना लायसन्स देतात, ‘एल.एस.’ म्हणजे लायसन्स्ड सर्व्हेअर हे नाव मुंबईत बांधकामाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या केंद्रीय कायद्याखाली होते. प्रस्ताव दाखल करणाऱ्या माणसाकडे स्वतःचं लायसन्स असतं, ते काढून घेता येतं. पण तो प्रस्ताव महापालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल विभागात ज्या इंजिनियरच्या टेबलावर जातो, आणि सी.सी.पासून, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीपासून, ओ.सी.पर्यंत, म्हणजे वापराच्या दाखल्यापर्यंत, ज्याच्या अहवालावर गोष्टी हलतात, त्याची पात्रता भरतीच्या वेळी एकदा पाहिली जाते. काल तो रस्ते विभागात असू शकतो, आज इथे, उद्या पाणीपुरवठ्यात. बढती असते, बदली असते. पण ‘इतक्या उंचीच्या इमारतीचं अग्निसुरक्षेचं काम याला येतं’ असं त्याच्या नावावर लिहिलेलं कागदपत्र नसतं. यात त्या इंजिनियरचा दोष नाही. चाळीस मजली टॉवर त्याच्यासमोर येतो तेव्हा त्यालाही ‘हे माझ्या कक्षेबाहेरचं आहे, त्या विषयाचा माणूस बोलवा’ असं म्हणण्याचा आधार हवा. इंग्लंडच्या नव्या नियमांनी तिथल्या निरीक्षकाला हाच आधार दिला आहे, आणि या नियमांतला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे.

अर्थात मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला कोसळलेल्या इमारतीसारख्या घटनांना, जिथे ७४ माणसं गेली, निरीक्षकाची परीक्षा हे उत्तर नाही. ती इमारत बेकायदा होती. तिचे नकाशे कुणाच्या टेबलावर तपासणीला आलेच नव्हते. तिथला प्रश्न सचोटीचा आणि धाकाचा आहे. प्रमाणपत्राचे नियम जिथे परवानगीचा रस्ता वापरला जातो तिथेच चालतात.

इंग्लंडमधले दोन प्रश्न मात्र अजून खुले आहेत. एक वेळेचा. उंच इमारतींचे प्रस्ताव १२ आठवड्यांत तपासून द्यायचे असं ठरलं होतं. नव्या रेग्युलेटरकडे फाइली साचल्या, कित्येक प्रस्तावांना त्याहून फार जास्त काळ लागला, आणि बिल्डर, घरांसाठी थांबलेले लोक आणि खासदार, सगळ्यांनी आवाज उठवला. पात्र माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. प्रमाणपत्राची अट घालताना ती माणसं घडवण्यावर आधी पैसा खर्च करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. १८ मीटरच्या खाली, म्हणजे देशातल्या बहुसंख्य इमारतींसाठी, बिल्डर आजही आपला तपासनीस निवडू शकतो. ज्याचा नफा बिल्डर खूश राहण्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे हे काम असावं का, याचा विचार स्वतंत्र समितीने करावा, असं ग्रेनफेलच्या अहवालाने सुचवलं. सरकारने शिफारस मान्य केली आणि समितीचं अध्यक्षपद हॅकिट यांच्याकडेच दिलं. दरम्यान पहिल्या तुकडीतल्या निरीक्षकांची चार वर्षं भरत येतील, आणि २०२८ च्या सुमारास त्यांना पुन्हा एकदा आपली योग्यता सिद्ध करून दाखवावी लागेल.